गुण येईपर्यंत

मराठीत औषधाचा गुण ‘येतो’. ते लागू पडते, दुखण्याला उतार पडतो, आणि एखाद्या वैद्याच्या तर हातालाच गुण असतो, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. या सगळ्या बोलण्यामागे औषधाविषयीची एक साधी अपेक्षा आहे: गोळी घेतली की थोड्या वेळाने, फार तर चार दिवसांनी, बरे वाटू लागल्याचे शरीर स्वतःच सांगते. तापाची गोळी घेतल्यावर तासाभरात कपाळाला घाम फुटतो आणि त्या घामावर घरच्यांचा विश्वास बसतो. नैराश्यावरील औषधे ही अपेक्षा पुरी करीत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत तर ती तिच्या नेमकी उलट वागतात, कारण त्यांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण मागाहून येतो. ज्या माणसाची उद्याविषयीची आशाच आजाराने हिरावून घेतलेली असते, त्यालाच ‘थोडे थांबा, पुढे बरे वाटेल’ असे सांगावे लागते, ही या उपचारातील मूळ अडचण आहे. आणि वर्धा जिल्ह्यातील एखाद्या आडगावी, जिथून मोठ्या दवाखान्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे असते, तिथे हे थांबणे आणखीच अवघड होऊन बसते.

नैराश्य हा शब्द येथे रोजच्या व्यवहारातील निराशेपेक्षा वेगळ्या अर्थाने घ्यावा लागतो. कापसाचा भाव पडला, परीक्षेत अपयश आले, घरात मृत्यू झाला म्हणून वाटणारे दुःख हे दुःखच असते आणि एरवी त्याला औषधाची गरज नसते. वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्य म्हणते त्या आजारात किमान दोन आठवडे, आणि बहुतेकदा त्याहून कितीतरी अधिक काळ, मन सतत उदास राहते किंवा कशातच रस वाटेनासा होतो. त्याच्या जोडीने झोप, भूक, शक्ती आणि एकाग्रता ढासळत जातात, आपण इतरांवर भार आहोत अशी खात्री पटू लागते, आणि काहींना जगणेच नकोसे होते. या भागातील बोलीत मात्र हा संस्कृत शब्द क्वचितच ऐकू येतो. माणूस ‘मन लागत नाही’ म्हणतो, ‘करमत नाही’ म्हणतो, ‘जीव घाबरते’ म्हणतो, आणि त्याहीपेक्षा अधिक वेळा डोके जड आहे, अंग दुखते, भाकर गोड लागत नाही, एवढेच सांगून गप्प होतो. अशा तक्रारींवर वर्षभर अंगदुखीच्या गोळ्या आणि शक्तीची इंजेक्शने घेऊन झाल्यावर मगच पुष्कळांचे खरे निदान होते.

या विलंबाचे एक कारण मनाविषयीच्या आपल्या समजुतीत दडलेले आहे. मराठी संस्कृतीने मनाला नेहमी समजावता येणारे, प्रसंगी दटावता येणारे, घरातल्याच कोणासारखे मानले. समर्थ रामदासांनी दोनशे पाच श्लोक मनालाच उद्देशून रचले, आणि तिन्हीसांजेला देवापुढे ते म्हणणाऱ्या घरांतून उपदेशाने मन ताळ्यावर येते ही श्रद्धा नकळत मुरत गेली. या श्रद्धेने असंख्य माणसांना कठीण काळात उभे ठेवले आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्याचे मन काही केल्या ऐकत नाही त्याच्यावर तीच श्रद्धा दोष ठेवते. ‘तुले कायची कमी हाये वं?’ हा प्रश्न आई, जाऊ, शेजारीण अगदी मायेने विचारतात, आणि ज्या बाईला तो विचारला जातो तिच्याजवळ उत्तर नसते, कारण पहाटे तीनला जाग आल्यावर तोच प्रश्न तिने स्वतःला रोज विचारलेला असतो.

मनाच्या आजाराची दुसरी प्रतिमा नागपुरात उभी आहे. तेथील मनोरुग्णालय १८६४ सालचे. लोकांनी ते ‘पागलखाना’ याच नावाने ओळखले आणि त्याच्याजवळच्या चौकालाही बोलण्यात तेच नाव चिकटले. मानसोपचार म्हटले की तो चौक डोळ्यांसमोर येतो, आणि मग जवळच सोय असूनही पाऊल उचलत नाही. वर्ध्यात सोय आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली, ती ग्रामीण भागातले देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून. पुढे १९९० मध्ये सावंगी मेघे येथेही वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सर्वसाधारण रुग्णालयातच मानसोपचाराचा विभाग असण्याचे मोल बाहेरून लक्षात येत नाही, पण तिथे गुडघेदुखीचा माणूस आणि मन न लागणारा माणूस सकाळी एकाच खिडकीपाशी केस पेपर काढतात, आणि कोण कोणत्या खोलीकडे वळणार हे रांगेतल्या गाववाल्याला कळत नाही. सेवाग्रामच्या संस्थेशी जोडलेल्या कस्तुरबा रुग्णालयाने एके काळी गावकऱ्यांकडून आरोग्यविम्याचा हप्ता ज्वारीच्या रूपात स्वीकारला होता. हातात जे पीक आहे त्यातून दवाखान्याशी नाते जोडण्याची ती कल्पना आजही विलक्षण वाटते.

औषधांचा इतिहास योगायोगाने सुरू होतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड नावाचे औषध देऊन पाहिले जात असताना त्यांची मरगळ जाते, भूक उघडते आणि ती माणसे एकमेकांशी बोलू लागतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांना, भलत्याच आजारासाठी तपासल्या जात असलेल्या इमिप्रामिनचा असाच गुण दिसला. आपल्या सर्पगंधेचाही या कथेत भाग आहे. तिच्या मुळीपासून १९५२ साली वेगळे काढलेले रेसरपिन रक्तदाबासाठी दिले जाऊ लागल्यावर काही रुग्ण खिन्न होतात असे आढळले, आणि हे द्रव्य मेंदूतील काही रासायनिक संदेशवाहकांचा साठा रिता करते हे कळल्यावर, नैराश्य म्हणजे त्या संदेशवाहकांची टंचाई असावी असा तर्क पुढे आला. तो सांगायला इतका सोपा होता की अजूनही ‘मेंदूतले केमिकल कमी झाले आहे’ असे ऐकू येते. संशोधन मात्र त्यापुढे गेले आहे आणि एका द्रव्याच्या तुटवड्याने एवढा मोठा आजार समजावून देता येत नाही, असेच आज बहुतेक अभ्यासक मानतात.

सध्या अधिक वापरल्या जाणाऱ्या गोळ्या, म्हणजे अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन, आणि त्यानंतरची सर्ट्रालिन व एसिटालोप्राम, सेरोटोनिन या संदेशवाहकावर काम करतात. दोन मज्जापेशींमधल्या अतिसूक्ष्म फटीत सोडले गेलेले सेरोटोनिन पेशी पुन्हा आत ओढून घेते; हे ओढून घेणे औषध अडवते, त्यामुळे ते फटीत अधिक काळ टिकते. हे अडवणे पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होते, तरीही मन हलके व्हायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. त्याचे कारण असे सांगितले जाते की वाढलेल्या सेरोटोनिनला पेशी आधी विरोध करतात, स्वतःचे सोडणे कमी करतात, मग त्यांचे ग्राहक हळूहळू नव्या स्थितीला सरावतात आणि पेशींमधल्या जोडण्याही बदलत जातात. औषधाशी जुळवून घेण्याची जी कसरत रुग्णाला बाहेरून करावी लागते तीच त्याच्या पेशींना आतून करावी लागते, आणि ज्याला आपण गुण म्हणतो तो बहुधा या जुळवून घेण्याचाच परिपाक असतो.

सेलू तालुक्यातील एखाद्या खेड्यातल्या चाळिशीच्या बाईचे चित्र कल्पनेने समोर आणावे. औषधाच्या दुकानदाराने दहा गोळ्यांचा पत्ता कात्रीने कापून सात दिल्या आहेत, त्यात नावाचा अर्धा भाग आणि मुदतीची तारीख कापलेल्या तुकड्याबरोबर गेली आहे. पहिला आठवडा रोज सकाळी जेवल्यावर अर्धी, मग एक, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. घरात विचारपूस नको म्हणून पत्ता मिसळणाच्या डब्यामागे ठेवलेला आहे. गोळीच्या मधोमध एक बारीक चीर असते. तिच्यावर अंगठ्याचे नख सरळ दाबले तर गोळी नीट दुभंगते, पण नख सरकले की एक तुकडा मोठा, एक लहान होतो आणि पोळपाटावर चिमूटभर पांढरा चुरा उरतो. ती तो चुरा बोटाच्या टोकाने टिपून जिभेवर ठेवते, कारण औषध वाया जाऊ द्यायचे नाही हे तिला माहीत आहे. ज्या बाईला सहा महिन्यांपासून आपण जगायला नालायक आहोत असे वाटते, तिच्या बोटाने टिपलेला तो कडू चुरा ही बरे होण्याच्या इच्छेची फार मोठी खूण आहे, आणि ती पाहायला त्या क्षणी स्वयंपाकघरात कोणी नसते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोडणीच्या वासाने मळमळते. याचे कारण असे की शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यांत असते आणि औषध पोटाला टाळून थेट मनापर्यंत जाऊ शकत नाही. तोंड कोरडे पडते, डोके दुखते, कोणाची झोप उडते तर कोणाला दिवसा झापड येते, आणि काहींना आतून एक प्रकारची तगमग होते, जिचे वर्णन ‘जीव खालीवर होते’ याहून नेमके करता येणार नाही. गावात या सगळ्याला एकच निदान ठरलेले असते: औषध गरम पडले. हे निदान हसण्यावारी नेऊ नये. शरीर नव्या द्रव्याला ज्या रीतीने प्रतिसाद देते त्याला दिलेले ते लोकभाषेतले नाव आहे, आणि डॉक्टरांनी त्याच भाषेत ‘ही गरमी आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते, तोवर पोटभर खाऊन गोळी घ्या’ असे आधीच सांगून ठेवले तर चौथ्या दिवशी पत्ता चुलीत जाण्याचे टळते. त्रास होणार हे माहीत असलेला माणूस तो सोसतो. अचानक झालेल्या त्रासाला मात्र तो आजार वाढल्याचा पुरावा मानतो.

ऋतू आणि काम यांचाही या जुळवून घेण्यात वाटा असतो, आणि पुस्तकी सल्ल्यात तो सहसा सापडत नाही. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी, स्वस्त आणि आजही उपयोगी औषधे रात्री दिली जातात. त्यांची गुंगी सकाळपर्यंत रेंगाळली तर निंदणाला जाणाऱ्या बायकांचा घोळका निघून जातो आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. त्याच औषधाने घाम कमी होतो व तोंड सुकते, तर नव्या औषधांनी पुष्कळांना उलट अधिक घाम येतो, आणि पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या वर्ध्याच्या मे महिन्यात या दोन्ही गोष्टी साध्या राहत नाहीत. एकादशीला गोळी चालते का, हा प्रश्नही खरा आहे. तो डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो आणि मग महिन्यातून दोनदा औषधात खाडा पडतो. कंबरदुखीसाठी दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्या काही गोळ्या या औषधांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढवतात, ही माहितीही शेतमजुराला कोणीतरी बसून सांगायला हवी.

यांहून गंभीर गोष्ट एक आहे. सुरुवातीच्या काळात कधी कधी अंगातली शक्ती आधी परतते आणि आशा मागे राहते, तगमग वाढते, आणि विशेषतः पंचवीस वर्षांखालील काही रुग्णांत मरणाचे विचार उसळू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००४ साली या औषधांच्या माहितीपत्रकावर मुलांबाबत ठळक इशारा छापायला लावला आणि पुढे तो तरुणांपर्यंत वाढवला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नसून, त्या आठवड्यांत रुग्णाला एकटे सोडू नये, आणि असे काही जाणवताच थांबून न राहता डॉक्टरांना कळवावे असा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. हा क्रमांक घराच्या भिंतीवर, किराण्याच्या उधारीच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवण्यासारखा आहे.

एकटे न सोडण्याची ही गोष्ट वर्धा जिल्ह्याला नवीन नाही, आणि इथे एका दुसऱ्या आजाराची आठवण काढणे भाग आहे. ज्या रोगाच्या नुसत्या उच्चाराने सोयरीक मोडत असे त्या कुष्ठरोगाशी या जिल्ह्याने जे नाते जोडले तसे देशात फार थोड्या ठिकाणी जोडले गेले. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री हे कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच कुटी बांधून दिली आणि ते स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश करीत. ती कुटी आजही आश्रमात आहे. तेव्हा त्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. पुढे डॅप्सोन आले आणि वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग संस्थेने घरोघर जाऊन रोगी शोधणे, लोकांना समजावणे आणि गावातच गोळ्या देणे या पद्धतीने काम उभे केले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक औषधे एकत्र देणारा ‘बहुऔषध उपचार’ देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला त्यांत वर्धा होता.

त्या उपचाराचे तपशील नैराश्याच्या रुग्णाने ऐकावेत असे आहेत. गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागत. एका गोळीने लघवी लाल होई, दुसरीने अंगाचा रंग काळपट-तांबूस पडे आणि तो औषध थांबल्यावरही बरेच दिवस राही, म्हणजे लपवायचा रोग औषधामुळेच चेहऱ्यावर दिसे. गुण डोळ्यांना दिसायला वेळ लागे. तरीही माणसे औषध पुरे करीत, कारण महिन्यातून एकदा कार्यकर्ता दारात येई, महिन्याची मुख्य मात्रा आपल्यासमोर गिळायला लावी, अठ्ठावीस दिवसांच्या पाकिटातले रिकामे कप्पे मोजी, आणि रंग पुन्हा उजळेल हे चौथ्यांदा, पाचव्यांदा तितक्याच शांतपणे सांगे. गोळीबरोबर माणूस येत होता. नैराश्याची गोळी मात्र दुकानातून कागदी पुडीत एकटीच घरी येते आणि डब्यामागे जाऊन बसते. तिच्या पहिल्या सहा आठवड्यांत रिकामे कप्पे मोजायला कोणी येत नाही. या जिल्ह्याने जे एकदा करून दाखवले तेच पुन्हा करायचे आहे, ही जाणीव अस्वस्थ करणारी असली तरी दिलासा देणारीही आहे.

तसे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत वर्धा होता. पुढे राज्य शासनाच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त आशाताईंनी घरोघर जाऊन मनाची विचारपूस करण्याची कल्पना आली. ‘विश्राम’ नावाच्या उपक्रमात विदर्भातील तीस खेड्यांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा या आजारासाठी कोणाची तरी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. एरवी देशभरात नैराश्याच्या सुमारे पंच्याऐंशी टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे २०१५–१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने सांगितले होते, त्या पार्श्वभूमीवर ही वाढ लहान नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गोळीने कर्ज फिटत नाही, आणि कर्जमाफीने आजार बरा होतोच असे नाही. या दोन वाक्यांपैकी एकच उच्चारणारे लोक दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या वादात रुग्ण घरीच राहतो.

गांधीजींच्या जिल्ह्यात रोजच्या गोळीला आणखी एक नैतिक अडसर आहे, तो स्वावलंबनाचा. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये त्यांनी डॉक्टरांवर कठोर टीका केली, निसर्गोपचारावर भर दिला, आणि त्या विचाराचा संस्कार या परिसरातल्या जुन्या घरांत अजून जाणवतो: गोळीवर जगणे म्हणजे परावलंबन, मनोनिग्रहाने जे साधते ते खरे. पण त्याच गांधीजींनी जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज शल्यविशारदाकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, आणि परचुरे शास्त्रींना त्यांनी मनोनिग्रहाचा उपदेश करून परत पाठवले नाही, त्यांच्या अंगाला तेल लावले. स्वावलंबनाचा अर्थ मदत नाकारणे असा होत नाही, हे त्या कुटीतच दिसते. शिवाय ही औषधे दारूसारखी किंवा झोपेच्या काही गोळ्यांसारखी ओढ लावत नाहीत. अचानक बंद केल्यास मात्र चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी झिणझिण असे त्रास होऊ शकतात, आणि त्यालाच लोक ‘सवय लागली’ म्हणतात. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ रेंगाळते म्हणून एखादा खाडा फारसा जाणवत नाही. व्हेनलाफॅक्सिनसारखे औषध लवकर निघून जाते, त्याचा एक दिवस चुकला तरी काहींना संध्याकाळपर्यंत कळते.

गुण येतो तो बहुधा रुग्णाच्या आधी घरच्यांना दिसतो. पहाटेची जाग चारवरून पाचवर जाते, ताटात अर्धी भाकर अधिक संपते, आणि मन उदासच असल्याचे ती सांगत असतानाच एका दुपारी ती म्हणते की वरण अळणी झाले आहे. कित्येक महिने समोर येईल ते मुकाट्याने गिळणाऱ्या बाईला मीठ कमी असल्याचे कळणे आणि त्याबद्दल तक्रार करावीशी वाटणे, या गोष्टीची नोंद कोणत्याही प्रश्नावलीत होत नाही. घरच्यांना ती कटकट वाटण्याचाच संभव अधिक. खरे तर त्या दिवशी मिठाची वाटी आनंदाने पुढे करावी.

पण औषध देते तसे कधी काही काढूनही घेते, आणि हे लपवण्यात कोणाचेच हित नाही. काहींच्या भावनांची धार बोथट होते. दुःखाची लाट येत नाही तशी आनंदाचीही येत नाही. गावात मयत झाल्यावर बायका गळ्यात गळा घालून रडतात, तो शोकाचा आणि नात्याचाही रिवाज असतो. अशा वेळी सख्ख्या मावशीच्या अंगणात बसूनही डोळ्यांत पाणी येत नाही, तेव्हा त्या बाईला आपण दगड झाल्यासारखे वाटते आणि इतरांच्या नजरेतही तेच दिसते. पतिपत्नीच्या शरीरसंबंधातली इच्छा किंवा सुख कमी होणे हा या औषधांचा वारंवार होणारा परिणाम आहे, ज्याविषयी आपल्याकडे डॉक्टर विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही, आणि कितीतरी नवरे-बायका कारण न कळता एकमेकांपासून तुटत जातात. या दोन्हींवर उपाय असतात: मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. त्यासाठी आधी ते शब्दांत यावे लागते, आणि बोलायची सुरुवात विचारणाऱ्यानेच करायची असते.

औषध बदलावे लागणे म्हणजे हार नव्हे, हे शेतकऱ्याला निराळे समजवावे लागू नये. मृगात पेरले, पावसाने ताण दिला, बी करपले, म्हणजे पेरणारा नालायक ठरत नाही. तो उधार-उसनवार करून दुबार पेरणी करतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली गेली, आणि एकवीसच्या एकवीस औषधे नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण हा सरसपणा सरासरीने मध्यमच होता. कोणाला कोणती लागू पडेल हे आधी सांगणारी तपासणी अजून नाही. अमेरिकेतील एका गाजलेल्या अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश होते. बाकीच्यांना दुसरे औषध, समुपदेशन, किंवा दोन्हींची जोड द्यावी लागली. दुबार पेरणीचा खर्च मात्र असतो, एसटीचा, मजुरीचा, आणि पुन्हा सहा आठवडे वाट पाहण्याच्या धीराचा, आणि हा शेवटचा खर्च कोणत्याही सरकारी योजनेत धरलेला नसतो.

बरे वाटू लागले की औषध सोडण्याची ओढ लागते. बहुतेकांची चूक इथेच होते. पूर्ण बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने, आणि आजार उलटलेला असेल तर त्याहून अधिक काळ, तीच मात्रा चालू ठेवावी लागते. वेचणी सुरू होऊन संपते, तुरीच्या शेंगा वाळतात, आणि डब्यामागचा पत्ता रोज एका कप्प्याने रिकामा होत राहतो. मधल्या काळात तो डब्यामागून निघून देवाच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला गेलेला असतो, आणि धाकटी मुलगी शाळेत जाण्यापूर्वी ‘माय, गोळी घेतली का?’ असे विचारून जाते. मग एका तारखेला डॉक्टर केस पेपरवर आकडा बदलून देतात: दोन महिने अर्धी, त्यानंतर पुन्हा दाखवायला या. सकाळी भाकरी झाल्यावर पोळपाटावरचे पीठ पुसून ती गोळी ठेवते, चिरेवर नख दाबते, आणि या वेळी दोन्ही तुकडे सारखे पडतात. एक ती पाण्याबरोबर घेते. दुसरा पत्त्याच्या चकचकीत कागदात गुंडाळून, कडा नीट दुमडून, उद्यासाठी फळीवर ठेवते.